बारा नंबर खोलीची पाटी

"आमच्या कॉलेजात कागदाशिवाय टाचणीसुद्धा जागची हलत नाही," अण्णा कडेकर म्हणाले.

"टाचणीचं काय घेऊन बसलात अण्णा," मी म्हटलं. "मी एक पाटी रंगवून टांगतो. कागद नाही, सही नाही, काही नाही. अख्खं कॉलेज हलतंय का नाही बघा."

शेवंताकाकूंनी गिरणीचा पट्टा बंद केला. पैजेचा वास आला की काकू दळण थांबवायच्या. गिरण आमच्या गल्लीच्या तोंडाशी. लोडशेडिंग संपलं की डबे रांगेत लागायचे आणि माणसं बाहेरच्या कट्ट्यावर.

अण्णा आमच्या गावच्या कॉलेजात ऑफिस सुपरिंटेंडेंट. सव्वीस वर्षांची नोकरी, पांढरा शर्ट, खिशात एक निळं पेन आणि एक लाल. आणि मी गुलाब शिकलगार, ‘गुलाब आर्ट्स’, एस.टी. स्टँडसमोर. तेव्हा पंचेचाळिशीचा होतो, पण खोडी अंगातून गेली नव्हती. कॉलेजच्या अध्यक्षांच्या बंगल्यावर मी एकदा ‘हे घर विकणे नाही’ अशी सुबक पाटी लावली होती. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभरात सात गिऱ्हाईकं आली. शेवटच्यानं तर चांगला भाव सांगितला म्हणून अध्यक्ष दोन दिवस विचारात होते.

त्या वर्षी कॉलेजला स्वायत्त दर्जाचं वेड लागलं होतं. म्हणजे विद्यापीठाचं बोट सोडायचं, अभ्यासक्रम आपला, परीक्षा आपल्या. त्यासाठी बाहेरून तीन जणांची समिती येणार होती, चार आठवड्यांनी. तोवर सगळ्या पाट्या नव्या करायचं काम माझ्याकडं होतं. एकशे चौदा पाट्या! मास्तर लोकांचा जीव पाटीत किती अडकलेला असतो ते मी त्या महिन्यात बघितलं. एक सर तर टेप घेऊन शेजारच्या विभागाची पाटी मोजून आले होते. अर्धा इंच मोठी निघाली. दोन दिवस जेवले नाहीत म्हणे.

"पाटी लावणार कुठं?" अण्णांनी विचारलं. "सगळ्या खोल्या भरलेल्या आहेत."

"असेल की एखादी."

"एक आहे. बारा नंबर, पाण्याच्या टाकीशेजारची. चार वर्षं कुलूप. आत मोडकी बाकं."

"झालं तर मग. बारा नंबरला लावतो. हत्ती संगोपन केंद्र!"

काकू फिसकन हसल्या. अण्णा नाही हसले. "बावळटासारखं लिहिलंस तर उद्याच काढून फेकतील आणि तू हरशील. पटेल असं काहीतरी लिही."

तेवढ्यात वाघचौरे मॅडमची स्कूटी आली. पुढं दळणाचा डबा, मागं दोरीचं वेटोळं, टोकाला शिशाचा गोळा.

"आली बघा विहिरींची सोयरी," काकू म्हणाल्या.

डॉ. ज्योत्स्ना वाघचौरे. कॉलेजात भूगोल शिकवायच्या, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे. सुट्टी लागली की काही नाही. अशी अकरा वर्षं. आणि त्या अकरा वर्षांत दर महिन्याला ही बाई तालुक्यातल्या बेचाळीस विहिरींचं पाणी मोजत फिरायची. दोरी सोडायची, वहीत लिहायची, पुढची विहीर. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं.

"आज किती झाल्या मॅडम?" मी विचारलं.

"नऊ. कुंभारवाड्याची चाळीस फुटांवर गेली हो." त्यांनी डबा खाली ठेवला. "काकू, आता माझी थोडीच दळणं राहिली. एप्रिलनंतर मी चाकणला, भावाकडं. कॉलेजनं सांगितलंय, पुढच्या वर्षी तास नाहीत."

काकूंचा हात डब्यावरच राहिला. "नाहीत म्हंजे?"

"नाहीत म्हणजे नाहीत. गुलाबभाऊ, तुमच्या दुकानात तीन पेट्या राहतील का? विहिरींच्या वह्या आहेत. भावाच्या दोनच खोल्या, आणि इथला घरमालक म्हणतो रद्दीत घाला."

"राहतील की. त्यात काय विचारायचं?"

"ठेवा तेवढ्या. कधी कुणाला लागल्या तर." मॅडम गेल्या.

अण्णा खिशातलं लाल पेन काढून त्याचं टोपण लावत-काढत होते. आणि माझ्या डोक्यात वीज चमकली.

"अण्णा! विहीर अभ्यास केंद्र!"

"वा," अण्णा म्हणाले. "डोकं आहे तुला."

वीस वर्षांच्या शेजारात अण्णांनी मला असं पहिल्यांदा म्हटलं होतं. मी असा फुगलो की काय सांगू.

अटी काकूंनी ठरवल्या. एका महिन्याच्या आत त्या खोलीला तीन गोष्टी मिळाल्या पाहिजेत: खुर्ची, शिपाई आणि प्रमुख. तिन्ही मिळाल्या तर अण्णा हरले, एक जरी कमी पडली तर मी. जो हरेल त्यानं शुक्रवारच्या बाजारात कॉलेजच्या गेटसमोर गळ्यात पाटी घालून तासभर उभं राहायचं.

"पाटी आत्ताच रंगव," काकू म्हणाल्या. "एकच. हरंल त्याच्या गळ्यात. तवर गिरणीत टांगून ठेवते."

मी तिथंच पत्रा घेतला आणि पिवळ्यावर काळ्या रंगानं लिहिलं: ‘मी हरलो. पोटभर हसा.’ मागच्या बाजूला सवयीप्रमाणं तारीख टाकली, ११ नोव्हेंबर. मी प्रत्येक पाटीच्या पाठीवर तारीख टाकतो. रंग किती वर्षं टिकला ते कळतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दुपारच्या सुट्टीत मी बारा नंबरवर पाटी ठोकली. निळ्यावर पांढरी अक्षरं, खाली ‘प्रमुख :’ आणि पुढं रिकामी जागा. शिडीवर असताना तीन प्राध्यापक, एक क्लार्क आणि उपप्राचार्य खालून गेले. कुणीही विचारलं नाही. उपप्राचार्य उलट म्हणाले, "डावीकडं थोडी खाली घ्या." मी घेतली.

गुरुवारी मॅडम दुकानात आल्या. स्टँडही न लावता स्कूटी भिंतीला टेकवली.

"गुलाबभाऊ, ती पाटी तुम्ही लावली?"

"लावली," मी दात काढले.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"आहे एक गंमत मॅडम. तुम्हाला नंतर—"

"गंमत." त्यांनी पर्समधून एक पिवळा पडलेला कागद काढला. "तीन वर्षांपूर्वी मी हा अर्ज दिला होता. याच नावाचं केंद्र सुरू करा, एक खोली आणि एक कपाट द्या, बाकी मी बघते. ही त्याची पोचपावती. प्राचार्य म्हणाले, केंद्र मंजूर नाही तर खोली कशी देऊ? कमिटी म्हणाली, खोलीच नाही तर केंद्र कसं मंजूर करू? सहा महिने हेलपाटे घातले, मग सोडून दिलं. आणि आता मी चाललेय तर माझ्याच अर्जाची पाटी करून टांगली? सगळी स्टाफरूम हसली असेल."

"मला अर्जाचं ठाऊक नव्हतं मॅडम. आईची शप्पथ."

"काढा ती."

मी शिडी उचलून तसाच निघालो. पैज गेली खड्ड्यात, म्हटलं, शुक्रवारी उभं राहू गेटसमोर.

पण बारा नंबरचं कुलूप निघालेलं होतं. आत भिकूमामा शिपाई तोंडाला पंचा बांधून जाळी काढत होते आणि मोडकी बाकं बाहेर व्हरांड्यात रचलेली.

"कुणी सांगितलं हो मामा?"

"प्राचार्यांनी. काल पाटी बघितली नि ओरडलेच की. म्हणाले, समिती येणार, आणि केंद्राला कुलूप? आजपास्नं माझी डूटी हितंच."

शिपाई आला. दुसऱ्याच दिवशी!

मी शिडी खांद्यावर घेऊन अण्णांच्या टेबलाशी गेलो. "अण्णा, पाटी काढतो मी. मॅडम दुखावल्यात. त्यांचा अर्ज होता म्हणे."

"होता," अण्णा फाइलीतून मान वर न करता म्हणाले. "पण आता शिपायाची ड्यूटी लागलीय. पाटी काढायची तर प्राचार्यांचा लेखी आदेश लागेल. आणशील?"

"पाटी लावायला नाही लागला तो?"

"लावायला कुणी विचारलं नाही. काढायला विचारतील." आणि लाल पेनानं काहीतरी खुणा करत बसले.

म्हणजे काय, पाटी राहिली. आणि मग जे सुरू झालं ते मी शिडीवरून बघितलं. पेंटर शिडीवर असला की लोक त्याला भिंतच समजतात, काहीही बोलतात. प्राचार्यांना वाटलं, हे केंद्र अध्यक्षांनी काढलंय. विचारावं तर आपल्याला सांगितलं नाही हे उघडं पडतं. अध्यक्ष एकदा चक्कर मारायला आले, पाटी बघून थबकले, आणि प्राचार्यांना म्हणाले, "छान, छान." त्यांना वाटलं प्राचार्यांनी काढलंय. उपप्राचार्यांना वाटलं दोघांनी मिळून काढलंय आणि मुद्दाम आपल्याला बाजूला ठेवलंय. त्या रागात त्यांनी स्वतःच्या केबिनमधली जादाची फिरती खुर्ची बारा नंबरला पाठवून दिली, वर चिठ्ठी, ‘माझ्याकडूनही सहकार्य’. मोठ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला एकच वाक्य बोलता येत नाही बघा: मला माहीत नाही.

आठव्या दिवशी शिपाई आणि खुर्ची. मी रोज संध्याकाळी गिरणीवर जाऊन अण्णांना डिवचायचो. "अण्णा, मान मोजून ठेवा. पाटीची दोरी कापायचीय."

"बघू," अण्णा म्हणायचे. "प्रमुख कुठाय?"

प्रमुख आला तो अठराव्या दिवशी. भूगोलाचे विभागप्रमुख डॉ. बिडवे. सज्जन माणूस, पण प्रमोशनची फाइल दोन वर्षं अडकलेली. दुकानात येऊन हळूच म्हणाले, "गुलाबराव, त्या पाटीवर ‘प्रमुख’च्या पुढं माझं नाव टाका. समितीपुढं रिकामं बरं दिसत नाही."

"पण काम तर वाघचौरे मॅडमचं आहे ना सर?"

बिडवे सरांनी चष्मा काढून पुसला. "मला काय कळत नाही का? पण तासिकेवरचा माणूस प्रमुख होऊ शकत नाही, नियम आहे. माझं नाव नसेल तर दुसऱ्या कुणाचं तरी येईल. त्यापेक्षा माझं बरं. मी निदान त्यांना वह्या दाखवायला तरी बोलावीन."

आता बघा माझी गोची. ते नाव रंगवलं की मी पैज जिंकलो. एक ब्रशचा खेळ, पाच मिनिटांचं काम. आणि मॅडमच्या अकरा वर्षांवर दुसऱ्याचं नाव, ते पण माझ्या हातानं. एकदाही विहिरीत दोरी न सोडलेल्या माणसाचं.

मी पुन्हा अण्णांकडं गेलो. "अण्णा, बिडवे सर नाव टाका म्हणतात. टाकलं तर तुम्ही हरलात. पण मला टाकवत नाही. मी हरतो, चला."

अण्णांनी पहिल्यांदा पेन खाली ठेवलं.

"गुलाब, असा भोळेपणा तुला शोभत नाही. त्यांना म्हणावं, लेखी आदेश आणा. आवक-जावक क्रमांकासहित. त्याशिवाय अक्षर रंगवायचं नाही."

"आणि त्यांनी आणला तर?"

"जावक क्रमांक माझ्या रजिस्टरमधून पडतो," अण्णा म्हणाले. "या आठवड्यात रजिस्टर बाइंडिंगला दिलंय."

बिडवे सर दोनदा येऊन गेले. मी दोनदा म्हटलं, रजिस्टर बाइंडिंगला आहे. म्हटलं, हे अण्णा पैज जिंकायला किती खालच्या थराला जातात! प्रमुख होऊ द्यायचा नाही म्हणून रजिस्टरच गायब. मनातून जरा मजाही वाटली. अण्णांच्यात पण खोडी आहे म्हणायची.

नऊ डिसेंबरला समिती आली. तिघांत एक बाई होत्या, डॉ. पद्मजा हेरवाडकर, साठीच्या, पायात कोल्हापुरी, हातात लहानशी वही. विद्यापीठं आणि कॉलेजं आतून कशी चालतात, कशी बदलतात किंवा बदलत नाहीत, यावरच त्यांचं आयुष्य गेलेलं, असं भिकूमामा सांगत होते. मला आधी हसूच आलं. म्हटलं, याचाही अभ्यास असतो होय? मी बारा नंबरच्या खिडकीबाहेर शिडीवर, खिडकीची चौकट रंगवतोय असं दाखवत. चौकट कालच रंगवून झाली होती.

आत तीन पेट्या उघडून ठेवल्या होत्या. बिडवे सरांनी शब्द पाळून मॅडमना बोलावलं होतं. त्या कोपऱ्यात उभ्या, फिरत्या खुर्चीपासून लांब.

"बाकी सगळं मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय," हेरवाडकरबाई म्हणाल्या. "हे नाही बघितलं. मला सांगा, हे सुरू कसं झालं? कुणाच्या मनात आलं?"

अध्यक्षांनी प्राचार्यांकडं बघितलं. प्राचार्यांनी अध्यक्षांकडं.

"हे... आमच्या अध्यक्षसाहेबांची दूरदृष्टी," प्राचार्य म्हणाले.

"नाही नाही, प्राचार्यांचीच कल्पना," अध्यक्ष म्हणाले.

"दोघांचीही नाही तर?" बाई हसल्या. "फाइल आहे का?"

अध्यक्ष आणि प्राचार्य दोघेही पेट्यांकडं बघायला लागले. संपलं, म्हटलं. आता कळणार, केंद्र नाही, फाइल नाही, नुसती गुलाब्याची पाटी. कॉलेजचा दर्जा जाणार, आणि मॅडम सगळ्यांसमोर थट्टेचा विषय होणार.

"आहे," दारातून आवाज आला.

अण्णा. हातात हिरवी फाइल, वर पांढरी नाडी. त्यांनी ती बाईंपुढं ठेवली आणि दोन पावलं मागं सरकले.

बाई वाचायला लागल्या. "अर्ज, डॉ. ज्योत्स्ना वाघचौरे... शेरा, ‘मान्य. खोली क्रमांक बारा देण्यात यावी. अर्जदारांनी समन्वयक म्हणून काम पाहावे.’ सही प्राचार्यांची." त्यांनी वर बघितलं. "ही आपलीच ना?"

प्राचार्यांनी फाइलीत डोकावलं. स्वतःच्याच सहीकडं त्यांनी असं बघितलं जसं कुणी हरवलेल्या भावाकडं बघावं. "हो, हो! माझीच. माझीच की."

"मग दूरदृष्टी आपलीच," बाई म्हणाल्या. "समन्वयक कोण?"

फिरती खुर्ची बिडवे सरांच्या हातभर अंतरावर होती. सर तिच्यापासून एक पाऊल मागं झाले. "मॅडम, काम यांचंच आहे. सगळं. मी फक्त विभागप्रमुख."

पुढं अर्धा तास बाई कुणाशीच बोलल्या नाहीत, फक्त वाघचौरे मॅडमशी. "ही अठरा नंबरची विहीर मधेच एकदम का भरली?" "वरच्या अंगाला पोरांनी दगडी बांध घातला मॅडम, गणेशोत्सवाच्या वर्गणीतून." "कुणी सांगितलं त्यांना?" "ह्या वहीनं." असं चाललं होतं. मधेच बाई स्वतः खाली बसल्या पेटीजवळ, फरशीवर. म्हणून मग अध्यक्षांनाही बसावं लागलं. त्यांचे गुडघे कटकन वाजले ते मी बाहेर ऐकलं.

मी म्हटलं, मानलं अण्णांना! एका झटक्यात फाइल तयार करून आणली कॉलेजची अब्रू वाचवायला. आणि त्या नादात पैजही हरले. प्रमुख नाही तर समन्वयक, काकूंनी निकाल दिला, "येकच की रं ते! खुर्चीवर बसतंय ते परमुख." अण्णांनी मान डोलावली.

शुक्रवारी, बारा तारखेला, बाजाराच्या दिवशी, संस्थेनं मॅडमच्या पूर्णवेळ नेमणुकीचा कागद काढला. समन्वयक, विहीर अभ्यास केंद्र. स्वायत्त दर्जा पुढं सात महिन्यांनी मिळाला, पण हा कागद त्याच दिवशी. मी दुपारी पाटीवर नाव रंगवायला गेलो. भिकूमामांनी हिरवी फाइल माझ्यापुढं टाकली.

"अण्णा गेटवर गेल्यात तुझ्या पैजेला. म्हणाले, नाव नि स्थापनेची तारीख फाइलीतनं बघून लिव्ह."

मी शिडीवर बसून फाइल उघडली. मॅडमचा अर्ज, तीन वर्षांपूर्वीचा. वर अण्णांच्या अक्षरात निळ्या पेनानं ‘प्रलंबित’. त्यावर लाल पेनानं काट. खाली प्राचार्यांचा शेरा आणि सही, आणि सहीखाली तारीख.

११ नोव्हेंबर. आवक-जावकचा शिक्का, सकाळी अकरा.

मी दोनदा वाचलं. मग ब्रश डब्यात ठेवला. अकरा नोव्हेंबर म्हणजे मंगळवार. त्या दिवशी संध्याकाळी गिरणीवर पैज लागली. पाटी मी बुधवारी ठोकली. सही मंगळवारी सकाळची.

बारा नंबर कुणी सुचवली? हत्ती नको, पटेल असं लिही, कुणी म्हटलं? मॅडम मंगळवारी त्याच वेळी दळणाला येतात, आणि त्यांना बघून मला विहिरीच सुचणार, हे कुणी हेरलं? आणि कागदाशिवाय टाचणी हलत नाही, हे तरी माझ्यासमोर, भर गिरणीवर, कुणी काढलं?

मी शिडी तशीच सोडून गेटकडं पळालो.

बाजार भरला होता. मेथी, बोंबील, प्लास्टिकच्या बादल्या, आणि गेटसमोर मधोमध अण्णा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दोन पेनं, गळ्यात माझी पिवळी पाटी. पोरी तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. भाजीवाले हाका मारत होते, "ओ साहेब, काय हरला?" शेवंताकाकू पोत्यावर बसून शेंगा फोडत होत्या. अण्णा सरळ उभे, झेंडावंदनाला उभे राहतात तसे.

मी जवळ जाऊन दबक्या आवाजात म्हटलं, "अण्णा, सही मंगळवारी सकाळची आहे."

"वाचता येतं म्हणायचं तुला."

"कशी घेतली?"

"समितीसाठी त्या दिवशी दोनशे चौदा कागदांवर सह्या होत्या. शेरा मी टाइप करून ठेवला होता. प्राचार्य वाचून सही करत असते तर हे कॉलेज कधीच बंद पडलं असतं."

"मग पाटी तुम्हीच का नाही लावली?"

"मी लावली असती तर शंभर जणांनी विचारलं असतं, कुणाला विचारून लावली. मग कागद बाहेर, मग मीटिंग, मग सही रद्द. पेंटरनं लावली की कोण विचारतंय? लोक समजतात, वरून कुणीतरी सांगितलं असणार." अण्णांनी एका ओळखीच्या मास्तरांच्या नमस्काराला पाटीसकट मान वाकवली. "फक्त पेंटर खोडकर पाहिजे. आणि त्याला वाटलं पाहिजे की डोकं त्याचं आहे."

"पण का हो अण्णा? एवढं?"

अण्णांनी गळ्यातली दोरी सारखी केली. "त्या अर्जावर ‘प्रलंबित’ कुणी लिहिलं होतं, बघितलंस ना? सव्वीस वर्षांत असे किती लिहिले, मोजलं नाही. ही बाई रोज त्याच ऑफिससमोरून दोरी घेऊन जायची. कधी एका शब्दानं नाही बोलली." मग नेहमीच्या आवाजात, "आणि बाहेर बोलायचं नाही. निदान मी रिटायर होईपर्यंत."

बोललो नाही. अण्णा रिटायर होऊन आता सहा वर्षं झाली, प्राचार्य मुलाकडं नागपूरला असतात, म्हणून आज सांगतोय.

पण त्या दिवशी तिथं उभं राहून मी हिशोब घातला. माझं म्हणणं काय होतं? नुसत्या पाटीनं कॉलेज हलतं. अण्णांचं काय होतं? कागदाशिवाय टाचणी हलत नाही. मग हललं कशानं? कागद तर माझ्या पाटीच्या आधीच होता.

मी अण्णांच्या डोक्यावरून पाटी काढली आणि माझ्या गळ्यात घातली.

"आं?" काकूंच्या हातातली शेंग खाली पडली. "गुलाब्या, जिंकला तू! तू कशाला घालतोस?"

खरं सांगता येईना. "काकू, अण्णांशी दुसरी पैज लावली होती. म्हटलं, तुम्ही दहा मिनिटंसुद्धा उभे राहणार नाही. राहिले! हरलो."

बाजार दुप्पट हसला. सगळ्या गावाच्या पाट्या रंगवणारा गुलाब पेंटर स्वतःच पाटी घालून उभा! बोंबीलवाली तर आडवीच झाली. अध्यक्षांची गाडी गेटातून बाहेर आली, काच खाली झाली. "काय रे, स्वतःला विकायला काढलंस का?" म्हटलं, "नाही साहेब, विकणे नाही." त्यांनी बोट नाचवलं माझ्याकडं. बंगल्यावरच्या पाटीचा माणूस तेव्हा कुठं त्यांना सापडला.

आणि मग वाघचौरे मॅडम स्कूटीवरून बाहेर आल्या. पुढं नेमणुकीच्या कागदाचं पाकीट, मागं दोरीचं वेटोळं. थांबल्या. माझ्या छातीवरची पाटी वाचली, मग बाजूला उभ्या असलेल्या अण्णांकडं बघितलं. फाइलीतली तारीख त्यांनीही बघितली असणार, अर्ज त्यांचाच होता. अण्णा टाकीवरच्या कावळ्याकडं बघायला लागले.

मॅडमनी आधी ओठ दाबले, मग खांदे हलायला लागले, आणि मग ही बाई स्कूटीच्या हँडलवर डोकं टेकवून अशी हसली, अशी हसली की डोळ्यांतून पाणी. पाटीवर लिहिलं होतं तसं, पोटभर.

मी पण हसायला लागलो, पाटी गळ्यात गदागदा हलायला लागली.

अण्णांनी मनगट वर करून घड्याळ बघितलं. "चार वाजून वीस. माझी वीस मिनिटं तुझ्यात धरायची नाहीत. सरळ उभा राहा."